हा मेंदू की तो?

दुकानात येणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे काचा बदलत ‘हे बरं दिसतंय की ते?’ असं दिवसभर विचारणाऱ्या चष्मेवाल्याला स्वतःला मात्र दोनातलं एक कधीच निवडता येत नसे. चहा की कॉफी, एवढ्यासाठीही तो बायकोच्या तोंडाकडे बघे. अशा माणसाला मेकॅनिकने विचारलं, “साहेब, इंजिन तर मिळालं. मेंदू कुठला बसवू?”

मेंदू म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी पाडायची, हे तो ठरवतो. जुन्या गाडीत असलं काही नव्हतं. ती मनाला येईल तेव्हा चालायची आणि मनाला येईल तिथे थांबायची. गाडी सासऱ्यांची. हात थरथरू लागले तेव्हा त्यांनी ती जावयाच्या हवाली केली, आणि मुलीच्या लग्नात न पाणावलेले त्यांचे डोळे त्या दिवशी पाणावले. “जपा,” एवढंच ते म्हणाले. जावयाने ऑइल न बघता ती इतकी पळवली की महिन्याच्या आत इंजिनाने मान टाकली.

सासऱ्यांना सांगितलं होतं, गाडी सर्व्हिसिंगला दिली आहे. आता येत्या रविवारी त्यांचा वाढदिवस होता, आणि त्यांना भेट हवी होती ती एकच: आपल्या गाडीतून एक फेरी. त्यांना खरं कळलं तर उरल्या आयुष्यात जावयाची काय किंमत राहील, या विचाराने चष्मेवाल्याला घास गोड लागत नव्हता.

“दोन मार्ग आहेत,” मेकॅनिक म्हणाला. “हे इंजिन ज्या गाडीतून काढलं, तिचाच कॉम्प्युटर बसवायचा. तो शिकून तयार आहे. नाहीतर कोरा आणायचा. त्याला सगळं आपण शिकवायचं, मग सांगू तसा वागेल.”

“यातला बरा कुठला?”

“तेच तर तुम्हाला विचारतोय.”

चष्मेवाल्याने चार जणांना विचारलं, आठ मतं गोळा केली आणि रात्री बायकोला उठवून विचारलं, “हा मेंदू की तो?”

“आधी स्वतःचा वापरा,” ती म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

शेवटी रविवार जवळ आला तसा तो घाईने म्हणाला, “शिकलेला बसवा. शिकवत बसायला वेळ कुणाला आहे?”

शिकलेला मोठा मानी निघाला. किल्ली फिरवली, तर ढिम्म. “याला याच्याच गाडीची किल्ली लागते,” मेकॅनिक म्हणाला. भंगारवाल्याकडून किल्ली आणली, तर तिला तिचंच कुलूप हवं होतं. कुलूप स्टिअरिंगच्या दांड्यात होतं, म्हणून स्टिअरिंग आलं. मग मेंदूला ओळखीचे मीटर दिसेनात, म्हणून मीटर आले. मग ॲक्सिलरेटर आला. एका पाहुण्याला जेवायला बोलवावं आणि त्याने बिऱ्हाडासकट मुक्कामाला यावं, तसं चाललं होतं.

“अहो, आख्खी गाडीच का नेत नाही?” भंगारवाल्याने विचारलं.

शनिवारी संध्याकाळी इंजिन एकदाचं सुरू झालं, पण बाहेरून बघितलं तर सासऱ्यांची गाडी आणि आत बसलं तर भलत्याचीच. मग बायकोने पदर खोचला. नव्या स्टिअरिंगवर जुनं कव्हर शिवलं. नव्या मीटरवर जुन्या मीटरची तबकडी चिकटवली. वडिलांचा जुना टॉवेल सीटवर अंथरला. “बाबांना एवढं बारीक दिसत नाही,” ती म्हणाली. “चष्मा तुम्हीच दिलाय ना?”

रविवारी सासरे नवा शर्ट घालून आले. दार उघडून त्यांनी टॉवेलवरून हात फिरवला, स्टिअरिंगवर बसलेल्या मुलीच्या शेजारी बसले आणि म्हणाले, “चल.”

तिने किल्ली फिरवली. इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालं आणि मांजरासारखं गुरगुरू लागलं. चष्मेवाल्याच्या जिवात जीव आला.

सासऱ्यांनी मात्र कान टवकारले. “ही कुणाची गाडी?”

“तुमचीच बाबा!”

“माझी गाडी पहिल्या फटक्यात? जन्मात नाही.”

चष्मेवाला बाहेर खिडकीशीच उभा होता. बायकोने त्याच्याकडे बघितलं आणि गुपचूप इंजिन बंद केलं. “छे, पडली बघा बंद,” ती म्हणाली. “अहो, धक्का मारा.”

भर उन्हात, इस्त्रीच्या कपड्यांत चष्मेवाला धक्का मारू लागला. ऐनवेळी काही बिघडलं तर म्हणून बोलावून ठेवलेल्या मेकॅनिकनेही खांदा लावला. गल्लीच्या टोकाला बायकोने क्लच सोडला, गाडी गचका खाऊन सुरू झाली, आणि खिडकीतून सासऱ्यांचा आनंदाने भरलेला आवाज आला, “हां! आता कशी माझी वाटते! जावईबापू, छान जपलीत हं! आता दर रविवारी एक फेरी!”

बापलेक वळणावरून दिसेनासे झाले. जावयाला गाडीत घ्यायचं कुणाच्या लक्षातही आलं नाही.

“आता दर रविवारी धक्का आला, साहेब,” मेकॅनिक धापा टाकत म्हणाला. “तो कोरा घेतला असता, तर शिकवता आलं असतं. चार वेळा खोकल्याशिवाय सुरूच होऊ नकोस म्हणून. अजून वेळ गेलेली नाही. काय करू? हा ठेवू की तो आणू?”

“तो,” चष्मेवाला म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच, कुणाच्याही तोंडाकडे न बघता.