पडद्यांच्या चेकवरचा माझा शेरा

चेकच्या मागे सही कशी करावी, हे मला कोणी शिकवू नये! एकतीस वर्षं मी हेडक्लार्क होतो. माझ्या शेऱ्याशिवाय आमच्या कार्यालयात पंख्याला तेलही मिळत नसे. त्यामुळे शाळेच्या सभागृहाचे बावीस पडदे शिवल्याबद्दल बायकोला चेक मिळाला, तेव्हा तो मी तिच्या हातातून अलगद काढून घेतला.

"अहो, बँकेतून रोख आणायचीय फक्त," ती म्हणाली. "दुकानदारानं नवं शिलाई मशीन पाचपर्यंतच राखून ठेवलंय."

जुन्या मशीनने बाविसाव्या पडद्यावर मान टाकली होती. सोमवारपासून बायकोचं नवं काम सुरू व्हायचं होतं. हे सगळं मला माहीत होतं, म्हणूनच मी काळजीपूर्वक वागलो. चेक उलटा केला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'तपासले. रक्कम योग्य आहे. मंजुरीस सादर.' खाली झोकदार सही.

"चेक माझ्या नावाचा आहे ना?" बायकोने विचारलं.

"हो."

"मग सही तुमची कशी?"

मुद्दा बिनतोड होता. पण मी डगमगलो नाही. खाडाखोड करायची तर तीही नियमाने! शेऱ्यावर रेघ मारली, रेघेच्या दोन्ही टोकांना छोट्या सह्या केल्या, आणि खाली ठळक लिहिलं : 'रद्द.' पुन्हा सही, तारीख. उरलेल्या कोपऱ्यात बायकोने आपली सही कशीबशी बसवली.

बँकेतल्या कॅशियरबाईंनी चेक उलटा केला, सुलटा केला, पुन्हा उलटा केला.

"हा रद्द केलाय?"

"चेक नाही हो, शेरा रद्द केलाय!"

"शेरा कशाचा?"

"चेकचा."

रांगेतले मागचे लोक पुढे सरकले. एक आजोबा तर चष्मा लावून वाचू लागले. मॅनेजर आले. त्यांनी चेक दोन बोटांत धरला आणि फार सभ्यपणे म्हणाले, "रोख हवी असेल तर मागे ज्यांच्या नावाचा चेक, त्यांची एक सही लागते. खात्यात भरायचा तर खाते क्रमांक. निबंध कशालाच लागत नाही. नवा चेक आणा."

पावणेतीन वाजले होते. आम्ही धावत शाळेत. मुख्याध्यापिकाबाई भल्या होत्या, पण नव्या चेकसाठी अर्ज हवा म्हणाल्या. बायकोने अर्ज लिहिला. त्यांच्या हेडक्लार्कने तो शांतपणे वाचला, समासात लिहिलं : 'पाहिले. पुढे सादर.' आणि फाईलला लावला.

"खजिनदार गावाला गेलेत," तो म्हणाला. "आठ दिवस लागतील."

माझा पारा चढला. "अहो, एका सहीला आठ दिवस? नुसते शेरे मारत बसता! लोकांची कामं अडतात, त्याचं काही नाही तुम्हाला?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिच्या दोन महिन्यांच्या मेहनतीची मी एका दुपारी माती केली होती, आणि मला खरोखर लाज वाटली.

पाचला दहा मिनिटं कमी असताना आम्ही दुकानात पोहोचलो. मी खिशातून माझं चेकबुक काढलं. दुकानदार माझ्या ओळखीचा, चेक घ्यायला तयार झाला. रक्कम लिहिली, समोर सही केली. बायको मशीनवर हात फिरवत होती आणि दुपारनंतर पहिल्यांदाच हसली.

दुकानदाराने चेकसाठी हात पुढे केला.

"एक मिनिट," मी म्हणालो आणि सवयीने चेक उलटा केला.

त्या दोघांनी मिळून माझ्या हातातून पेन कसं काढून घेतलं, ते सांगण्यासारखं नाही.