सुजाता आणि तिच्या हद्दी

सुजाता रामटेके कुठल्याही घरात शिरली की आधी हद्द शोधते. आमच्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा चपला काढता काढताच तिनं विचारलं, "दादा, वहिनींचं किचन नेमकं कुठून सुरू होतं?"

आमचं अमेरिकेतलं, पिस्कॅटवेतलं अपार्टमेंट एवढंसं. मी हात हलवून म्हटलं, "इथून, बहुतेक."

"बहुतेक कसं? दोघांपैकी एकाला नक्की ठाऊक असणार."

ओट्याजवळून रश्मी म्हणाली, "टेबलाच्या या कडेपासून. त्याला नको विचारूस, त्याला चहाची साखर कुठे असते तेही माहीत नाही."

सुजातानं समाधानानं मान डोलावली. त्या दिवसापासून आमच्या लेकीनं तिचं नाव 'बॉर्डर मावशी' ठेवलं.

ती आमच्या वरच्या मजल्यावर राहते आणि इथल्या युनिव्हर्सिटीत पीएच.डी. करते. विषय, इटली आणि स्लोव्हेनियाच्या सीमेवरची गावं. माणसं आपापल्या घरात बसून राहिली आणि देशच त्यांच्यावरून येत-जात राहिले, अशी ती गावं. युनिव्हर्सिटी तिची फी भरते, वर खर्चाला पैसेही देते. इथल्या मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, हे कळलं तेव्हा आमचे कुलकर्णी काका साबुदाणा वड्याची प्लेट खाली ठेवून बोटांवर मोजायला लागले.

"म्हणजे बॉर्डर युरोपची, पैसे अमेरिकेचे, आणि अभ्यास करणार गोंदियाची मुलगी?"

"हो काका."

"यात जॉब कसला मिळतो?"

"त्यावर अजून संशोधन चालू आहे," सुजाता गंभीरपणे म्हणाली, आणि पुणेकर कुठल्या टेबलावर बसलेत नि नागपूरकर कुठल्या, हे बघायला निघून गेली.

एकदा मी तिला विचारलं होतं, हाच विषय का? ती म्हणाली, "आमच्या गावाला दोन राज्यांची हद्द लागते, ती नकाशात आहे. आमची बौद्धांची वस्ती जिथून सुरू व्हायची, ती हद्द कुठल्याच नकाशात नव्हती. पण पोरासोरांनासुद्धा पाठ होती." एवढं बोलून तिनं चहात बिस्किट बुडवलं.

विषयासाठी ती स्लोव्हेन भाषा शिकली. म्हणजे सगळ्या कॉम्प्लेक्सलाच शिकवली. लाँड्रीत, जिन्यात, जो भेटेल त्याला 'दोबर दान'. त्याचा अर्थ नमस्कार. रश्मीला वाटलं कसलं तरी दान मागतेय. ती पर्स आणायला आत गेली. खुलासा झाल्यावर रश्मी म्हणाली, "हद्द झाली बाई!"

"कुठे?" सुजातानं विचारलं.

आणि एक दिवस पार्किंगमध्ये तिच्या 'दोबर दान'ला चक्क उत्तर आलं.

उत्तर दिलं तळमजल्यावरच्या मारिया आजींनी. व्हीलचेअरवर होत्या, मुलगा टोनी त्यांना डॉक्टरकडे नेत होता. तरुणपणी लग्न होऊन त्या सीमेवरच्याच एका गावातून अमेरिकेत आल्या. आता विस्मरणाच्या आजारात त्यांची इंग्लिश पुसून गेली होती आणि माहेरची भाषा तेवढी उरली होती. टोनी लहानपणापासून आईला इंग्लिशमध्येच उत्तरं देत आलेला. ती भाषा तो कधीच विसरला होता; आई नुसती बडबडते, असं त्याला वाटायचं.

सुजाता तिथेच डांबरावर गुडघे टेकून बसली. दोघी बराच वेळ बोलल्या. मग ती टोनीला म्हणाली, "त्यांना थंडी वाजतेय. आणि हा कोट त्यांचा नाही, तो परत कर म्हणतायत."

टोनीनं कोटाकडे बघितलं. तो त्याच्या बायकोचा होता. त्याचे डोळे भरून आले.

तेव्हापासून सुजाता रोज दुपारी आजींकडे जायला लागली. उन्हाळ्यात तिला युरोपात जाऊन जुने कागद तपासायचे होते, प्रवासाचे पैसे मंजूर झाले होते. तिनं ट्रिप कॅन्सल केली. तिच्या प्रोफेसरबाई रागावल्या, पैसे दुसऱ्या विद्यार्थ्याला गेले.

"अगं, अशानं सगळंच फंडिंग जाईल!" रश्मी ओरडली.

"वहिनी, मुलाखत चालू आहे. हद्दीवरची बाई मला जिन्याखाली मिळालीय, विमानात कशाला बसू?"

आम्हाला ते पटलं. हुशार पोरगी, कामाचं बघतेय, असंच आम्ही समजलो.

पानं पिवळी व्हायला लागली तेव्हा आजींचं बोलणं जवळजवळ थांबलं. एका दुपारी रश्मीनं केलेलं सूप घेऊन मी खाली गेलो. दार उघडंच होतं. आजी खिडकीशी बसल्या होत्या. सुजाता त्यांच्या पांढऱ्या केसांतून हलक्या हातानं कंगवा फिरवत होती आणि बोलत होती. ते स्लोव्हेन नव्हतं. आमच्याशी ती बोलते ते मराठीही नव्हतं; तिच्या गावाकडची बोली होती.

"औंदा धान बरा झाला वं माय. बांधीत पानी हाय अजून. तू काहून फिकर करतेस?"

मला बघून ती थांबली, ओशाळली.

"स्लोव्हेनही आता कळत नाही त्यांना," ती म्हणाली. "मग म्हटलं, आपल्याला येतं ते बोलावं."

कंगव्यातले केस काढत ती पुढे म्हणाली, "आमची माय गेली मागच्या वर्षी. व्हिसाच्या भानगडीत मला जाता आलं नाही. तिच्याशी मी असंच बोलायची. भाऊ आहे, पण तो पुण्याला असतो. शुद्ध बोलतो."

आणि ती थोडं हसली.

एवढ्यात आजींनी तिची बाही ओढली. बोलणं का थांबलं, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. सुजाता त्यांच्याकडे वळली.

"हाव वं माय," ती म्हणाली. "आयक."

मी सूप टेबलावर ठेवलं आणि दार हळूच ओढून घेतलं.