बिनतिकिटी अळ्या

सोमाजीभाऊ अळीलाही तिकीट विचारत.

हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. सकाळी वालाच्या मांडवाखाली वाकून उभे, चष्म्याची एक काडी गायब म्हणून तिथे दोरा, आणि पानाला चिकटलेल्या हिरव्या अळीला दरडावणं चालू, “तिकीट? नाई? मंग उतर.” मग तिला काडीनं अलगद डब्यात घ्यायचं, डबा भरला की रूळ ओलांडून पलीकडच्या एरंडीच्या झुडपांत सोडून यायचं. अळी चिरडलेली त्यांना खपत नसे. “बिनतिकिट्याले पुढच्या टेसनावर उतरवून द्यावं लागते, मास्तर. मारायचा हुकूम नाई.”

वडशाच्या स्टेशनावर ते तीस वर्षं तिकीट तपासत होते. मी तिथे शाळामास्तर म्हणून गेलो तेव्हा अख्ख्या जिल्ह्याला चांदा म्हणत, आणि मी स्वतःला फार शहाणा समजत असे. दोन्ही गोष्टी पुढे बदलल्या. माझी भाड्याची खोली त्यांच्या कुंपणाला लागून होती. मी आलो त्याच वर्षी ते निवृत्त झाले. बायको आधीच गेलेली, मुलगा दूर बिलासपूरकडे, त्याचं पत्र दिवाळीला. उरली परसातली बाग.

“कोट जमा केला, टोपी जमा केली,” ते सांगत. “चिमटा मातर ऐन वक्ताले हरवला.” चिमटा म्हणजे तिकिटाची कड तोडायचा. प्रत्येक चिमट्याची खूण वेगळी असते, हे मला त्यांनीच शिकवलं. त्यांच्या चिमट्याची होती अर्धा चांद. “ते माही सही होती, मास्तर,” असं म्हणून ते उगाच कुंपणापलीकडे बघत. मला वाईट वाटे.

रोज सकाळी कुंपणावरून हाक येई, “मास्तर, चेकिंगले चला.” मी जायचो. भाऊ एकेक पान उलटं करून दाखवायचे, मी गंभीर चेहऱ्यानं मान हलवायची, आणि मग गुळाचा काळा चहा. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला एक किडा मावा खातो, त्याला ते हात लावू देत नसत. “हा पासवाला हाय.”

त्या थंडीत वालावर मावा पडला. शेंडे काळे, चिकट झाले. भाऊ हवालदिल. इतक्या बारीक प्रवाशांना तिकीट विचारायचं तरी कसं? मी शाळेत बागकामाचा तास घेत असे, त्यामुळे अंगात आलं. पहाटे दव असताना चुलीची चाळलेली राख, एक दिवसाआड कडुनिंबाचा पाला उकळून त्याचं पाणी. पंधरा दिवसांत मावा साफ. वाल असा पोपटी झाला की रस्त्यानं जाणारे थांबून बघत. मी मिशीवर ताव देत फिरलो.

भाऊंचा चेहरा मात्र पडला. “आता काय चेकिंग करता,” ते म्हणाले. “सारे पासवालेच दिसून राह्यले.”

मला तेवढंच हवं होतं. सकाळ मोकळी झाली. मी दोन मित्रांबरोबर नदीकडे फिरायला जाऊ लागलो. येताजाता भाऊ दिसत, मी लांबूनच हात करी. खोटं कशाला सांगू, त्यांची मला आठवणही होत नसे.

आठेक दिवसांनी हाक आली, “मास्तर, घात झाला.”

वालाची पानं कडेनं कुरतडलेली होती. अळी नाही, विष्ठा नाही, नुसते सुबक कापे. मी लगेच शास्त्र सांगितलं, “भाऊ, पानं कापणारी माशी असते. अशीच कड कापून नेते.”

“सापडंन का?”

“सापडेलच.”

सापडली नाही. चेकिंग पुन्हा सुरू झालं, चहाही. भाऊ खुशीत होते, याचं मला जरा नवल वाटे.

एकदा मी त्यातलं एक पान शाळेत दाखवायला म्हणून पुस्तकात ठेवलं. खुणेला आधीच एक जुनं तिकीट होतं. भाऊ नोकरीवर असताना मी नागभीडला गेलो होतो, तिथे ते कुणी मागितलंच नाही, म्हणून राहिलेलं. वर्गात पुस्तक उघडलं तर दोन्ही शेजारी. तिकिटाच्या कडेला अर्धा चांद. पानाच्या कडेला अर्धा चांद. मी एकावर एक ठेवून पाहिले.

त्या दिवशी मी पोरांना कुठली माशी दाखवली नाही. भाऊ एकदा चहा ओतताना बोलून गेले होते, “तीस वर्सं सारी दुनिया माह्यापुढं थांबे, मास्तर. आता कोनी थांबत नाई.” तेव्हा मी हो म्हणून बशी पुढे केली होती. माझी मलाच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी हाकेची वाट न बघता गेलो. पान उलटं केलं, नीट पाहिलं आणि म्हटलं, “भाऊ, हा किडा राखेनं जायचा नाही. रोज लक्ष ठेवावं लागेल.”

“रोज?”

“रोज.”

“मंग चहा मांडतो,” म्हणाले.

दोन वर्षं आम्ही तो किडा शोधला.

मग माझी मूल गावी बदली झाली. भाऊ स्टेशनावर आले, फडक्यात वालाचं बियाणं घेऊन. गाडी लागली होती. त्यांनी माझ्या हातातलं तिकीट घेतलं, इकडेतिकडे पाहिलं, खिशातून चिंधीत गुंडाळलेला चिमटा काढला आणि टक् केलं.

“हरवला म्हून लिवून देल्ला होता म्या,” ते खाली बघत म्हणाले. “तुमाले तवाच समजलं होतं ना?”

मी मान डोलावली.

“आता वाल साफ राह्यते,” भाऊ म्हणाले. “किडा कोनासाठी येईन?”

मूलला फाटकावर उतरणाऱ्यांची तिकिटं जमा करून घ्यायला माणूस उभा होता. मी खिशातलं तिकीट घट्ट धरलं आणि म्हटलं, “हरवलं.” त्यानं मला बाजूला थांबायला सांगितलं. मी थांबलो.