दाजींचं खिम्याचं मशीन

आमचे दाजी वस्तूंना शिक्षा द्यायचे. बादली गळायला लागली तर दुसरा माणूस तिला डाग देऊन आणतो. दाजी तिला भर उन्हात भिंतीला लावून उभी करायचे आणि येता-जाता तिच्याकडं रागानं बघायचे. घड्याळ मागं पडलं म्हणून त्यांनी ते ज्वारीच्या कणगीत कोंडलं होतं. ते आत टिकटिकत होतं आणि दाजी बाहेरनं सांगत होते, "बस आता आत. कंडम साला!"

कंडम हा त्यांचा शब्द. फौजेतनं सुभेदार होऊन पेन्शनीवर आले, ते एक ट्रंक आणि हा शब्द घेऊन. कडेगावची गाडी कंडम, सोसायटीचं खत कंडम, आणि मी, त्यांचा सख्खा मेव्हणा, सांगलीच्या हायस्कुलात मास्तर, तो तर जन्मापासून कंडम. "पावणं, तुमी पोरास्नी काय शिकिवणार? तुमाला बुटाची नाडी बांधता येत न्हाई." मला हा माणूस कधी आवडला नाही, स्पष्टच सांगतो. माझ्या थोरल्या आक्कानं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, अर्धा जन्म एकटीनं शेत बघितलं, सासू-सासऱ्यांचं केलं, आणि हा गडी घरी येऊन तिचीच परेड घ्यायला लागला. माझं डोकं फिरायचं.

त्यात आक्काचे दात गेले. हिरड्या सुजल्या, मिरजेच्या डॉक्टरांनी सगळे काढून टाकले. कवळी करून दिली, पण ती तोंडात घातली की तिला उमासे यायचे. मटणावर जीव असलेली बाई! आमच्या लहानपणी जत्रेचं बकरं पडलं की बरगडीचा तुकडा आक्काचा. त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. आता ती रश्श्यात भाकरी कुस्करून गिळायची आणि तुकडे परसातल्या कुत्र्याला टाकायची. चोळी अंगावर ढिली झाली, गालाची हाडं वर आली. विचारलं तर म्हणायची, "आता वशाटाची वासनाच उडाली रं." साफ खोटं!

दाजींना तिचे दात गेलेले ठाऊक होते, पण ती उपाशी उठते याचा पत्ता नव्हता. कसा असणार? आमच्याकडं आधी पुरुष जेवून उठतात, मग बायका चुलीपाशी बसतात. एवढा संसार झाला, पण बायकोला जेवताना या गृहस्थानं बघितलेलंच नव्हतं. एकदा तांब्या आणायला म्हणून परसात गेले, कुत्र्याच्या तोंडात बरगडी दिसली आणि गरजले, "रेशन कोन वाटतंय हितं?" मग त्यांनी परसातल्या चुलीपाशी बसलेल्या आक्काच्या ताटाकडं बघितलं. मग तिच्या तोंडाकडं. आणि बाहेर पडले, ते थेट खाटकाकडं.

बापू खाटकानं ओंडक्यावर सत्तुरानं खिमा करून दिला. दाजींनी तो परातीत पसरून तपासला, तर आत लाकडाची कुसळं.

"हे मटण हाय का सरपण?"

"आवं सुभेदार, वंडका म्हंजी लाकूडच की. थोडं यायाचंच."

"आन् ह्या नसा? ही चरबी?"

"खिमा उरल्यासुरल्याचाच असतोय. चांगल्या मटणाचा कोन खिमा करतंय?"

दाजींनी बापूला, ओंडक्याला आणि सत्तुराला एकदमच कंडम केलं. ओंडक्याला तर लाथ घातली आणि मग बरेच दिवस लंगडत होते.

तसेच लंगडत एका रविवारी सांगलीत माझ्या दारात हजर. "चला. विजंवरचं खिम्याचं मशीन घ्यायचंय."

"आक्कासाठी, दाजी?"

"माझ्यासाठी! मेसमधी खिमा खाल्लाय आमी. तुमच्या भनीचा काय संबंध?"

हातानं फिरवायचं मशीन तर लगेच मिळत होतं. पण ते टेबलाच्या कडेला स्क्रूनं आवळावं लागतं, आणि त्यांच्या घरात टेबल कुठलं? पाट आणि बाज. दुकानदार म्हणाला, मग बाजेला आवळा. दाजी म्हणाले, "आन् झोपू कुठं, तुझ्या उरावर?" पुढच्या दुकानाचे मालक जैन. मोटारी, पंखे, मिक्सर विकणारे सज्जन गृहस्थ. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि कानाला हात लावला. "सुभेदारसाहेब, आमच्यात कांदा सुदिक चालत न्हाई, आन् तुमी मला हे इचारताय व्हय?" तरी माणूस मोठा दिलदार. पुण्याला कॅम्पात हॉटेलवाल्यांचं सामान मिळतं हे त्यांनीच सांगितलं, वर चहा पाजला. बाहेर आल्यावर दाजी म्हणाले, "चा पाणचट हुता."

पुण्याच्या दुकानात दाजींनी मशीनांची भरती घेतली. प्रत्येकाच्या तोंडात बोट घातलं. पातं अंगठ्यावर घासून बघितलं. घसा बिडाचा का पत्र्याचा? जाळी बारीक भोकांची आहे का? सगळं सुटं होऊन धुता येतं का? एक मशीन दिसायला झकास, पण त्याचं पातं निघत नव्हतं. "आतली घाण काय तुझा बा काढणार?" दुर्दैवानं दुकानदाराला मराठी येत होती. मी हातापाया पडून त्याला थंड केला. शेवटी एक बुटकं, जाडजूड, विलायती मशीन पास झालं. परतताना गाडीत कऱ्हाडपर्यंत मी उभा होतो आणि मशीन दाजींच्या शेजारी सीटवर बसलं होतं. आता मला सांगा, राग येणार नाही?

घरात तीन पिनांचा प्लग एकच, तोही सोप्यात, देव्हाऱ्याच्या खाली, रेडिओसाठी. आक्का उंबऱ्यात आडवी उभी राहिली. "देवाम्होरं मटण? मी जित्ती हाय तवर न्हाई." तिचं बरोबर होतं. आमच्याकडं मटणाची चूल परसात, भांडीसुद्धा वेगळी. मग खिडकीतनं काढून, गोठ्यावरनं नेऊन, शेवग्याला वेढा देऊन वायर परसात आणली.

मशीनला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, बटण दाबलं. मशीन कण्हलं आणि गप्प झालं. दिवस कलला की शिवारातल्या सगळ्या मोटारी उसाला पाणी ओढत असतात, व्होल्टेज येणार कुठनं? दुसरा कुणी थांबला असता. दाजी बांधाबांधानं ओरडत सुटले, "मोटारी बंद करा! खिमा करायचाय!"

शेजारचे तात्या उसात पाणी पाजत उभे होते. "सुभेदार, ऊस वाळाय लागलाय, आन् तुमी खिम्याचं काय सांगताय?"

"उद्या पाज की!" म्हणत दाजींनी स्वतःच्या हातानं त्यांची मोटार बंद केली. तात्या खोरं घेऊन मागं लागले. मी मास्तर माणूस, एका हातानं तात्यांना धरतोय, दुसऱ्या हातानं खोरं. दाजी मागं वळूनसुद्धा न बघता घराकडं पळाले.

परसातला पिवळा दिवा उजळला, मशीन फिरलं, आणि जाळीतनं खिमा नव्हे, चिकट लगदा बाहेर आला. मग तोही थांबला. दाजींनी मशीन बनवणाऱ्यापासून विकणाऱ्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार केला आणि मशीनला उन्हात ठेवायला निघाले. ऊन मावळलं होतं. तेव्हा मात्र माझं टाळकं सरकलं. "दाजी, कंडम कंडम काय लावलंय? एकदा उघडून तरी बघा!" उघडलं. धुऊन बसवताना त्यांनी पातं उलटं बसवलं होतं, आणि त्याला नसांचे दोरे गुंडाळलेले. दाजी पात्याला म्हणाले, "शिस्त न्हाई तुला." चूक पात्याची! पातं सुलट केलं, नसा काढून मटण बारीक तुकड्यांनी घातलं, आणि मग मऊ, गुलाबी, एकसारखा खिमा परातीत पडायला लागला. आक्का पदरानं तोंड झाकून बघत होती.

तिनं कांदा-लसणाची चटणी घालून तो परतला. परसातच आम्ही दोघं आधी बसलो. खिमा असा झाला होता की मी मागून मागून घेतला. दाजींनी थोडा खाल्ला आणि म्हणाले, "आता तू बस."

"तुमी उठा, मग बसती की."

"न्हाई. हितंच. माझ्याम्होरं."

आक्कानं वाढून घेतलं आणि भिंतीकडं तोंड करून बसली. घास उचलला, परत ताटात ठेवला.

"खा की!" दाजी ओरडले. "कुणासाठी केलंय हे?"

"तुमी जावा तिकडं."

"का?"

आक्काला रडू फुटलं. "मचामचा वाजतंय माझं त्वांड. सुट्टीला आली की नातवंडं नक्कल करत्यात. कुणाम्होरं न्हाई खायाची मी. मरंन, पर न्हाई खायाची." तिनं ताट बाजूला सारलं.

आता हे ताट भिंतीवर जाणार, असं मला वाटलं. मी बाह्या वर सारल्या. आज या माणसाला सोडायचा नाही. पण दाजी जागचे हलले नाहीत. त्यांनी बोटं तोंडात घातली; आधी वरची, मग खालची, अशी दातांची अख्खी कवळी काढली आणि ताटाच्या कडेला ठेवली. सुभेदारांचं तोंड एकदम बोळकं झालं, गाल आत गेले. समोर एक म्हातारा बसला होता.

"आता खा," ते म्हणाले. शब्द धड उमटत नव्हते.

आक्का वळून बघतच राहिली. "कवापासनं?"

"पलटणीत हुतो तवापासनं."

"आन् मला सांगितलं न्हाई?"

"लाज वाटली."

आक्काचा पारा चढला. "लाज? माझ्याम्होरं? आवं, कडक भाकरी घालती मी तुमास्नी रोज! नळ्या वाढती! हिरड्या सोलल्या आसतील की तुमच्या, आन् गुमान गिळत बसला व्हय इतकी वर्सं? माणूस हाय का दगूड?" बोलता बोलता तिनं ताट ओढून घेतलं, त्यांच्या पुढ्यात सरकून बसली आणि रागाच्या भरात घासामागं घास घ्यायला लागली. तोंड मचामचा वाजत होतं. दाजी मान खाली घालून ऐकत होते आणि आपला घास हिरड्यांवर घोळवत होते. त्यांचंही तोंड वाजत होतं.

ताट रिकामं झालं, तरी आक्काच्या शिव्या संपल्या नव्हत्या. त्या घरात कुणा पुरुषानं आजवर वाढलं नव्हतं. मी उठलो, चुलीवरचं पातेलं उचलून आणलं आणि तिच्या ताटात वाढायला लागलो.

"आनकी घाल," आक्का म्हणाली, "आन् त्यास्नी बी."