गोमाचा उलटा बाजार

गोमाकडे नारळ मागायला गेलं, की तो कुणाच्या घरात फुटणार हे आधी सांगावं लागे. आगरदांड्याला त्याचं नि माझं शेताला शेत लागून. ना बायको ना पोर, पण उचापती गावभर. स्वराज्य आलं, गावात पैसा खुळखुळू लागला, तरी या बाबाच्या डोक्यात काही उजेड पडला नाही.

एकदा म्हसळ्याचा व्यापारी आला. म्हणाला, "सगळे नारळ उचलतो."

"खानार कोन?"

"मुंबईच्या बाजारात जातील."

"बाजाराला तोंड हाय? मानसाचं नाव सांग."

व्यापारी शिव्या देत गेला. निम्मे नारळ उंदरांनी फस्त केले. मी म्हटलं, "उंदराचं नाव इचारलंस काय रं?"

"उंदीर घरचंच हायत," गोमा म्हणाला.

भातलावणीला आम्ही एकमेकांच्या शेतात राबायचो. आज तू माझ्या, उद्या मी तुझ्या. पण हा शहाणा बरोबरी होऊच देत नसे. होत आली की मुद्दाम एक दिवस जास्त राबायचा, नाहीतर मला राबवायचा. "फिट्टंफाट झाली की तू तुज्या घरी, मी माज्या." माझी बायको म्हणायची, "भावोजी, जराशी अक्कल उसनी न्या. परत नका करू."

ती गेली. तिच्याशिवाय मी कधी लावणी केलेली नव्हती. त्या साली शेताकडं फिरकलोच नाही. पोरगा मुंबईला गिरणीत, त्याच्याकडं कायमचं जायचं ठरवलं. सगळा गाव समजूत घालून गेला. गोमा तेवढा आला नाही. जन्मभर लोकांची नावं विचारत फिरला, आणि माझं माणूस गेलं तर याचं तोंड शिवलेलं! फार राग आला.

निघायच्या दिवशी शेत एकदा बघावं म्हणून बांधावर गेलो, तर गोमा माझ्या चिखलात वाकलेला. शेत नांगरून, स्वतःची रोपं आणून अर्धं लावून मोकळा झाला होता.

"कुनी सांगितलं रं तुला?"

"कुनी न्हाय."

"मी चाललो. कापनार कोन?"

"नको कापू. सडू दे." तो वर बघेना. चिखलात रोप खोचलं, पुन्हा उपटलं, पुन्हा खोचलं. मग हळूच म्हणाला, "माज्या शेतात यायला दुसरं कोन उरलंय?"

मी दोन शिव्या हासडल्या, धोतर वर खोचलं आणि त्याच्या हातातली रोपांची जुडी ओढून घेतली.