मागच्या काचेचा कोशोगो

सप्टेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारी, दुपारी दोन वाजता, काराकोल शहरातील आपल्या राहत्या घराच्या अंगणात, सफरचंदाच्या झाडाखाली उभ्या असलेल्या वीस वर्षांच्या काळ्या जर्मन गाडीच्या साक्षीने, एसेनकुल यांनी जाहीर केले की मागच्या काचेचा पडदा ते स्वतः, घरच्या घरी, संध्याकाळच्या चहाच्या आत दुरुस्त करतील. ही घोषणा ऐकायला पत्नी बुरुल आणि एक कोंबडी एवढेच श्रोते होते. कोंबडी निघून गेली.

पडदा म्हणजे काळी जाळी. बटण दाबले की मागच्या फळीतून दोन दांड्या उठत आणि जाळी काचेवर ताणली जाई. मुलगी जिपार चार वर्षांची असताना नुकतेच कुठले तरी लग्न पाहून आली होती आणि सासरी नव्या नवरीला ज्या पडद्याआड बसवतात तो कोशोगो तिच्या डोळ्यांत भरला होता. जाळी वर येताच ती म्हणाली, "बाबा, आपल्या गाडीलापण कोशोगो आहे." त्या दिवसापासून घरात त्या जाळीला दुसरे नाव उरले नाही. सरोवराच्या काठाने लांबचा प्रवास असला की ती मागे बसून बटण दाबत राही. पुढच्या आरशात उजेड जाई, उजेड येई, आणि त्यावरून एसेनकुल यांना कळे की मुलगी जागी आहे. उजेड बराच वेळ हलला नाही की ते गाडीचा वेग कमी करीत.

आता ती रविवारी सासरी, कोचकोरला निघायची होती. वहिनी पाठराखीण म्हणून जाणार होती. आईबापांनी जायचे नाही, असा रिवाज. एकतीस वर्षे कालव्यांची मोजणी केलेल्या आणि कुठलाही उतार वाद घातल्याशिवाय मान्य न केलेल्या एसेनकुल यांनी या रिवाजापुढे मान तुकवली खरी, पण व्याह्यांशी तीन आठवडे भांडून एक अट पदरात पाडून घेतली: मुलगी बापाच्या गाडीतून जाईल. बाप नाही तर निदान त्याची गाडी. व्याही जुमादिल शेवटी म्हणाले होते की तुमच्याशी वाद घालण्यापेक्षा गाडी बदलणे सोपे.

त्या गाडीचा पडदा वसंतापासून अर्ध्यावर अडकला होता. एक भुवई वर चढवून बसलेल्या सासूसारखा. "तो सरळ झाल्याशिवाय गाडी अंगणाबाहेर पडणार नाही," असे एसेनकुल म्हणाले, आणि बुरुल म्हणाली, "मग मुलीला कालव्यातून पाठवा."

शेजारचे तोक्तोसून हे गाड्यांच्या विजेचे काम करणारे. त्यांनी भिंतीवरून डोकावून सांगितले की आतले छोटे दातेरी चाक झिजले असेल, तसे एक आपल्याकडे पडून आहे, अर्ध्या तासाचे काम. एसेनकुल यांनी प्रथम 'झिजले' या शब्दाला हरकत घेतली. न पाहता झिजले की तुटले हे कसे ठरवता? मग 'अर्धा तास' या मापाला. आणि शेवटी, या गाडीला परका हात लागणार नाही, असे सांगून त्यांना भिंतीखाली उतरवले.

चार वाजेपर्यंत मागची सीट ओसरीवर आली आणि लग्नाचे बोरसोक, म्हणजे पिठाचे छोटे गोळे, तळायला आलेल्या बायका तिच्यावर आरामात बसल्या. पाच वाजता मागची फळी निघाली. साडेपाचला जाळीचा रूळ हाती आला आणि त्याच्या टोकाची टोपी एसेनकुल यांनी, जपून, पाव फेरा सैल केली.

आत स्प्रिंग होती. वीस वर्षे ताणून धरलेला राग तिने एका क्षणात बाहेर काढला. रूळ गरगरला, जाळीने एसेनकुल यांच्या दोन्ही गालांवर आळीपाळीने चपराका मारल्या आणि टोपी उडून थेट कढईत पडली. बुरुलने झाऱ्याने ती बाहेर काढली, निथळली, आणि ताटात इतर बोरसोकांशेजारी ठेवून दिली.

नेमका तेव्हाच कोचकोरहून जुमादिल यांचा फोन आला. सगळी तयारी झाली का, एवढेच त्यांना विचारायचे होते.

"सगळे तयार आहे," एसेनकुल म्हणाले. "फक्त कोशोगो जागचा हलत नाही."

गाडीच्या जाळीचे हे घरचे नाव जुमादिल यांना ठाऊक नव्हते. नवरीचा कोशोगो माहेरी शिवून तिच्याबरोबर यायचा असतो.

"का हलत नाही, व्याही?"

"अडून बसला आहे. जबरदस्ती केली, तर मलाच दोन थोबाडीत बसल्या."

"आणि मुलीचे काय म्हणणे?"

"तिला कशाला विचारायचे? हे माझे काम आहे. एक आठवडा द्या मला."

फोन ठेवल्यावर एसेनकुल तसेच उभे राहिले. अर्ध्या तासाचे काम; त्याला आठवडा हे माप आपल्या तोंडून आले कुठून, हे त्यांचे त्यांनाच सांगता येईना. त्यांनी रूळ हातात घेतला आणि जाळीवरची धूळ पुसू लागले. धूळ नव्हती.

तिकडे कोचकोरात खल सुरू झाला. कोशोगो हलत नाही म्हणजे मुलगी अडून बसली आहे, बापावर हात उचलते आहे, म्हणजे आपल्याकडून काही मोठे चुकले असणार. खूप डोके खाजवल्यावर आठवले: ऑगस्टच्या मेजवानीत व्याह्यांना मानाचे हाड द्यायचे, ते चुकून त्यांच्या धाकट्या भावाच्या ताटात गेले होते.

शनिवारी दुपारी फाटकापाशी दोन गाड्या थांबल्या. त्यांतून जुमादिल उतरले, नवा झगा उतरला, जिवंत मेंढा उतरला, आणि सर्वांत शेवटी नवऱ्या मुलाची आजी, पांढऱ्या फेट्यातली साल्कीन आजी, काठी टेकत उतरली.

अर्ध्या तासापूर्वीच जिपार बापाला काही न विचारता तोक्तोसून यांना घेऊन आली होती. ते डिकीत पालथे पडून चाक बसवत होते. एसेनकुल परत जागेवर आलेल्या सीटवर गुडघे टेकून, मागे तोंड करून, दोन्ही हातांनी रूळ धरून होते. जुमादिल यांना काचेतून व्याह्यांचा चेहरा दिसला आणि त्यांनी काचेपुढेच हात छातीवर ठेवून माफी मागायला सुरुवात केली. हाड चुकले, भावाचा दोष नाही, वाढणाऱ्याची नजर चुकली.

एसेनकुल यांना त्या हाडाची या क्षणापर्यंत आठवणही नव्हती. पण मुद्दा आयता समोर आला होता. "कोणते हाड?" ते काचेतून म्हणाले. "ते मांडीचे होते की कमरेचे, हे आधी ठरवू. ते ठरेपर्यंत घाई नको."

"हात काढा," डिकीतून तोक्तोसून म्हणाले.

पुढच्या सीटवर बसलेल्या जिपारने तिथले बटण दाबले. दोन दांड्या सरळ, समान, जराही न कुरकुरता उठल्या, आणि काळी जाळी एसेनकुल यांच्या हनुवटीवरून, नाकावरून, कपाळावरून वर गेली. कालव्यांचे मोजणीदार अदृश्य झाले.

"अठ्ठावीस मिनिटे," तोक्तोसून म्हणाले.

जुमादिल यांनी जाळीकडे पाहिले, मग फोनकडे पाहिले, आणि अंगणातल्या बायका डोक्यावरच्या रुमालाची टोके तोंडात कोंबून हसू लागल्या. मेंढा तेवढा गंभीर राहिला.

साल्कीन आजी मात्र काठी टेकत गाडीच्या बाजूला गेली, दार उघडून आत वाकली, आणि कोशोगोआडच्या नव्या नवरीला पाहावे तशी निवांत पाहत राहिली. एसेनकुल यांनी तोंड फिरवले. पण त्या बाजूला जाळीच होती. रुळाचे तेल डोळ्यांत गेले आहे, असे ते म्हणाले. तेल कालच पुसून टाकले होते, हे बुरुलने सांगितले नाही.

आजीने पुढच्या सीटकडे मान वळवली. "पोरी, उद्या निघतेस ना?"

"निघते, आजी," जिपार म्हणाली. तिचा हात अजून बटणावरच होता, आणि ती आरशात बघत होती.

आजीने दार हळूच लोटले, पण पूर्ण लावले नाही. काठी सावरत ती आपल्या माणसांकडे आली. हाडाचे, कापडाचे, आठवड्याचे काय ते ऐकायला सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होते.

"मुलगी तयार आहे," ती म्हणाली. "बाप तयार नाही."