माडीवरची बुलेट

"निघालेल्या माणसाच्या कानात आपली भीती घालू नये गं मीने! हसून 'या' म्हणावं, आणि मग आत जाऊन काय रडायचं ते रडावं."

हा आवाज मीनाच्या आईचा. इगतपुरीच्या रेल्वे क्वार्टरमधला, खूप जुना. मीनाचे वडील मालगाडीवर गार्ड होते. धुक्याच्या घाटात गाडी घेऊन उतरायचे. आई दारात उभी राहून हसत डबा द्यायची आणि पाठ वळली की चुलीशी बसून डोळे पुसायची. "काय झालं गं आई?" म्हटलं की म्हणायची, "मिरचीचा ठसका गेला." त्या घरात मिरचीचा खप फार होता!

म्हणूनच पंचवटीतल्या वेणीमाधव गुरुजींचं स्थळ आलं तेव्हा मीनाला हायसं वाटलं होतं. उपाध्याय माणूस! सोवळं नेसून पायी रामकुंडावर जाणार, पिंडदान सांगणार, पायीच घरी येणार. यात भ्यायचं काय? फार तर शेवाळावरून पाय घसरेल!

आणि लग्नाला बारा-पंधरा वर्षं होऊन सगळं सुरळीत चाललेलं असताना या सोवळ्यातल्या माणसानं देवळालीच्या एका निवृत्त सुभेदाराची बुलेट विकत आणली.

"मीना, बघच तू!" गुरुजी शेंडीला गाठ मारत म्हणाले. "गुरुजी असे गाडीवरून उतरले पाहिजेत, म्हणजे यजमान आपसूक उठून उभा राहतो! आणि या गाडीवर एक ओरखडा उठू देणार नाही. वेणीमाधवाचा शब्द आहे!"

शब्द त्यांनी पाळला, हे शत्रूसुद्धा कबूल करील. बाळंतिणीला जपावं तशी त्यांनी ती गाडी जपली. सकाळी संध्या झाली की गाडीचं अंग पुसणं. तारा घासायला दात घासायचा जुना ब्रश, टाकीला मलमलचा तुकडा, साखळीला तेल. रात्री एक साखळी पुढच्या चाकाला, एक मागच्या, वर जुन्या धोतराचं पांघरूण आणि हँडलला लिंबू-मिरची. गल्लीतलं कुत्रं नुसतं त्या बाजूला बघून पाय उचलायला लागलं, तरी गुरुजी पळी घेऊन धावायचे!

मीनाला चोराची भीती नव्हती. तिला चांदवडची भीती होती. चांदवडकडे गुरुजींचे पुष्कळ यजमान. कुणाची वास्तुशांत, कुणाचा सत्यनारायण. म्हणजे आग्रा रोड! कांद्यांनी भरलेले ट्रक त्या रस्त्यानं असे सुटतात, जणू कांदा मुंबईत पोचला नाही तर मुंबई उपाशी मरणार आहे. गुरुजी किक मारायचे, धोतर सावरायचे, मीना दारात हसून "या" म्हणायची, आणि 'धडधड' कारंज्याच्या चौकाकडे विरली की आत येऊन पोळ्या लाटता लाटता पुटपुटायची,

चांदवडाच्या वाटेला, देवा, उजेड पडावा
माझ्या धन्याच्या चाकाला खड्डा आडवा न यावा!

संध्याकाळी धडधड परत ऐकू आली की तिचा श्वास मोकळा व्हायचा. गाडीवर धुळीचा कण नसायचा. 'वाटेतसुद्धा पुसत येत असतील,' तिला वाटे. तिनं एका शब्दानं कधी विचारलं नाही. भीती गिळायची सवय माहेरची. पण गिळलेली भीती पचत कुठं? ती वजनासारखी वाढत जाते!

मग त्या श्रावणात पाऊस लागून राहिला. धरणातून पाणी सोडलं आणि गोदावरी फुगली. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींना चांदवडला जायचं होतं, एका व्यापाऱ्याच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला. ओला आग्रा रोड, त्यावर ट्रक, त्यात दोन चाकांवर धोतर नेसलेला आपला नवरा! मीनाच्या हातातलं लाटणं दोनदा खाली पडलं.

"मीना, जरा पाणी कुठवर आलंय बघून येतेस?" गुरुजी म्हणाले. "मी गाडीपाशी थांबतो."

पंचवटीत पूर फुटांत कुणी मोजत नाही. नदीच्या पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे, त्याच्या अंगावरून मोजतात. गुडघ्याला लागलं तर काठावरचे दुकानदार सामान आवरतात. कमरेला लागलं तर गल्ल्या सावध होतात. त्याच्याही वर गेलं, की मग मोजायला कुणी थांबत नाही!

मीना छत्री घेऊन गेली. पाणी मारुतीच्या कमरेला होतं. पण शेजारी उभा असलेला फुलवाला म्हणाला, "उतरतंय वहिनी. सकाळी चार बोटं वर होतं."

मीना परत आली. दारात गुरुजी उभे.

"कुठवर?"

"कमरेला," मीना म्हणाली.

खोटं काय होतं त्यात? अर्धं सांगितलं, अर्धं पदराखाली झाकलं. तिला एवढंच हवं होतं की यांनी म्हणावं, 'बाप रे, मग उद्याचं चांदवड रद्द.'

गुरुजी म्हणाले, "बाप रे! मग गाडी माडीवर!"

"गाडी? माडीवर?"

"मग काय गंगार्पण करू?"

आणि मीनानं काही बोलायच्या आत ते धोतराचा काचा मारून भाजीबाजाराकडे पळाले. येताना काळू हमाल आणि त्याचे सहा गडी घेऊन आले. गड्यांच्या खांद्यावर दोरखंड होते.

"गुरुजी, कांद्याची गोण असती तर फेकली असती वर," काळू बुलेटभोवती प्रदक्षिणा घालत म्हणाला. "हे तर हत्तीचं पिल्लू हाय!"

"हळू रे बाबांनो! टाकीला हात लावू नका! आरशाला धरू नका!"

"मग धरायचं कशाला? शेपटीला?"

माडीच्या सज्जाचा लाकडी कठडा काढला. बुलेटला गादी गुंडाळली, उशा बांधल्या आणि "बोला पुंडलिक वरदा!" करून सहा गड्यांनी ती वर ओढली. अर्ध्या उंचीवर ती गरगर फिरली तेव्हा गल्लीतल्या बायकांनी पदर तोंडाला लावले, गुरुजींनी डोळे मिटून रामरक्षा सुरू केली आणि मीनाला वाटलं, 'आता दोर तुटला तर माझ्या अर्ध्या सत्यापायी काळूच्या डोक्यावर बुलेट!'

दोर तुटला नाही. बुलेट माडीवर देवघरासमोर जाऊन उभी राहिली. आणि तासाभरात उन्हाची तिरीप पडली. पूर ओसरला. पाणी त्यांच्या गल्लीच्या तोंडाशीही फिरकलं नव्हतं!

पण गाडी वर अडकली आणि चांदवडला जाणं टळलं. वास्तुशांत दुसऱ्या गुरुजींनी केली. मीनाला त्या रात्री अशी झोप लागली की दूधवाला दार वाजवून निघून गेला.

तिला वाटलं होतं, दोन दिवसांत हे गाडी खाली काढतील. तिसऱ्या दिवशी गुरुजी वेल्डरला घेऊन आले!

"सज्जाला लोखंडी ग्रिल बसवतोय," ते म्हणाले. "वर आहे तर वरच राहू दे. ऊन नाही, पाऊस नाही, कुत्रं नाही. मात्र माकडं फार झालीयेत. आरसे काढून नेतील!"

"अहो, पण ग्रिल बसवल्यावर गाडी खाली कशी यायची?"

"बघू पुढचं पुढे," गुरुजी म्हणाले आणि मीनाला चक्रावल्यासारखं झालं. एवढी हौसेची गाडी पिंजऱ्यात, आणि हा माणूस गालात हसतोय? ती मनातून आनंदली, आणि आनंदली म्हणून घाबरली.

आता त्या घराचं काय झालं ते ऐका! खालच्या खोल्यांत सगुणाबाई भाड्यानं राहायच्या. लोणची-पापडांचा त्यांचा व्यवसाय. डोक्यावर लाकडी फळ्यांची माडी, माडीवर बुलेट! फळ्या कुरकुरायच्या आणि सगुणाबाई खालून ओरडायच्या.

"गुरुजी! माझ्या डोक्यावर यमाचा रेडा का बांधलाय?"

"घाबरू नका सगुणाबाई, स्टँडवर आहे!"

"रेडा स्टँडवर हाय, मी कशावर हाय?"

त्यात गाडी बंद राहिली तर इंजिन बसेल, ही गुरुजींची धास्ती. म्हणून रोज सकाळी आरती झाली की ते किक मारायचे. माडीवर धड-धड-धड! देव्हाऱ्यातला बाळकृष्ण थरथरत पुढे यायचा, अन्नपूर्णा पाठ फिरवायची आणि खाली सगुणाबाईंच्या कैरीच्या लोणच्यावर छताची माती पडायची.

याहून कमाल वऱ्हाडच्या यजमानांनी केली. कुटुंब श्राद्धाला आलेलं. गुरुजी आत पळी-पंचपात्र आणायला गेले आणि ही मंडळी देवघराच्या खोलीत बसली. समोर पांढऱ्या धोतराखाली काहीतरी भव्य झाकलेलं, वर लिंबू-मिरची, पायथ्याशी सकाळच्या आरतीची राहिलेली फुलं. पंचवटीत आलेला यात्रेकरू! दिसेल त्याला हात जोडायची सवय. आजोबांनी साष्टांग नमस्कार घातला. सुनेनं ओटीचा नारळ ठेवला.

"वहिनी," आजोबांनी भक्तिभावानं विचारलं, "हे कोणतं दैवत म्हणायचं?"

"जागृत आहे," एवढंच मीना म्हणाली. "फार जवळ जाऊ नका."

तेवढ्यानं बातमी फुटली! आठवड्याभरात धर्मशाळेतून माणसं विचारत येऊ लागली, "ते झाकलेलं देवस्थान कुठंय हो?" मीना दार फटीएवढंच उघडायची. एकीकडे खोट्या देवाचं पाप, एकीकडे खचणारी माडी. आणि तिसरीकडे, हे सगळं मिटलं आणि गाडी खाली आली की पुन्हा आग्रा रोड! कुठूनही पाहिलं तरी भीतीच होती. आपल्या झाकलेल्या अर्ध्या वाक्यातून हे उगवलं, हे ती कुणाला सांगणार?

शेवटी सगुणाबाईंनी जिन्यावर येऊन कमरेवर हात ठेवले.

"गुरुजी, गणपती बसायच्या आत हे धूड खाली आलं पायजे! नायतर मी माझ्या बरण्या घेऊन तुमच्या देवघरात राहायला येते. बगा, तुमच्या सोवळ्यात माझा लसूण चालतो का!"

गुरुजींचा चेहरा उतरला. लसणामुळे, असं मीनाला वाटलं. वेल्डरला निरोप गेला, काळूला निरोप गेला. उद्या ग्रिल कापायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींनी गाडी दोनदा पुसली. पुसता पुसता गिअरच्या दांडीवर गुडघा पडून गाडी कधी गिअरमध्ये गेली, हे त्या बिचाऱ्यांना कळलं नाही. मीना स्वयंपाकघरात होती. तिला किक ऐकू आली. पहिली धड ऐकू आली. स्टँडवरची गाडी हादरली, फळीच्या फटीत अडखळली आणि स्टँडवरून सुटली!

त्यानंतर जो आवाज झाला, तो त्या गल्लीनं पूर आला तेव्हाही ऐकला नव्हता. बुलेट देवघराला नमस्कार करून वळली, ग्रिलवर जाऊन आदळली आणि थबकली. मागच्या चाकाखालची फळी कडाडली. मग सगळं शांत झालं, आणि त्या शांततेत खालून सगुणाबाईंची किंकाळी आली.

"अगं आई गं! रेड्याचा पाय आला खाली!"

मीना धावत बाहेर आली. खोलीभर धूळ, फुलं, नारळ. पुढचं चाक ग्रिलच्या गजांत अडकलेलं. मागचं चाक जमिनीतून आरपार जाऊन सगुणाबाईंच्या लोणच्याच्या फडताळावर गरगर फिरत होतं. आणि गुरुजी? गुरुजी दिसेनात! धोतराचं पांघरूण तेवढं कोपऱ्यात पडलं होतं.

"अहो!" मीना ओरडली. "अहो!"

पांघरूण हललं. खालून शेंडी बाहेर आली, मग कपाळावरचं गंध, मग एक डोळा.

"ओरखडा आला का गं?" गुरुजींनी विचारलं.

आणि मीना मटकन खाली बसून रडायला लागली. मिरची नव्हती, फोडणी नव्हती, काहीच सबब नव्हती.

"आग लागो त्या ओरखड्याला! मला भीती वाटते हो! तुम्ही चांदवडला निघता ना, तेव्हा संध्याकाळपर्यंत माझा जीव त्या ट्रकांच्या चाकांखाली असतो. पाणी उतरत होतं हे मला माहीत होतं, तरी सांगितलं नाही! गाडी वर गेली, तुम्ही घरी राहिलात, मला बरं वाटलं. आता काय बोलायचं ते बोला!"

गुरुजी जमिनीतल्या भोकाकडे बघत राहिले. भोकातून सगुणाबाई वर बघत होत्या. मग ते मीनाच्या जवळ सरकले.

"कुठले ट्रक गं?" ते हळूच म्हणाले.

"आग्रा रोडचे! दुसरे कुठले?"

"मी चांदवडला एस.टी.नं जातो."

मीनाचं रडणं जागच्या जागी थांबलं. "आणि गाडी?"

"निमाणीच्या एस.टी. स्टँडजवळ ठेवतो. झाकून. एका ओळखीच्या हॉटेलवाल्याच्या मागच्या अंगणात."

"पहिल्यापासून?"

"छे छे!" गुरुजी दुखावल्यासारखे म्हणाले. मग त्यांनी उपरण्यानं घाम पुसला. "पहिल्या वेळी गेलो होतो ना गाडीनं. इथल्या आडगाव नाक्यापर्यंत. तिथे एक ट्रक दिसला… उभाच होता तो, पण मी म्हटलं, कशाला उगाच!"